वैद्यकीय अध्यापनातील उद्दिष्टलेखन : प्रस्तावना

वैद्यकीय महाविद्यालयाच्या दप्तरात असा एक कागद हटकून सापडतो, जो प्रत्येक अध्यापक लिहितो, विभागप्रमुख ज्यावर सही करतात, निरीक्षक ज्यावर बरोबरची खूण करून पुढे जातात, आणि ज्या विद्यार्थ्यासाठी तो मुळात लिहिलेला असतो त्याच्या दृष्टीस मात्र तो सहसा पडत नाही. पाठाच्या उद्दिष्टांचा हा कागद. ‘या व्याख्यानाअखेर विद्यार्थ्यास क्षयरोगाची माहिती होईल’, ‘विद्यार्थ्यास सर्पदंशाच्या उपचारांचे आकलन होईल’, अशा चार-सहा ओळी त्यावर असतात; आणि गेल्या वर्षीच्या कागदावरून यंदाच्या कागदावर त्या तारखेखेरीज काहीही न बदलता उतरतात. अध्यापकवर्गात याला ‘एसएलओ’ म्हणतात, आणि ‘एसएलओ टाकले का?’ हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो त्याच सुरात ‘मस्टरवर सही केली का?’ हाही विचारला जातो.

प्रस्तुत पुस्तक या एका कागदाविषयी आहे. एवढ्याशा बाबीसाठी सबंध पुस्तक खर्ची घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकास येणे स्वाभाविक आहे. परंतु साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात आणि त्यानंतरच्या वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये विद्यार्थ्याच्या हाताला कोणते वळण लागेल, त्याच्या नजरेला काय टिपता येईल, आणि रात्रपाळीला एकटा असताना त्याला प्रथम काय सुचेल, याचा निवाडा बहुतांशी या कागदावरच व्हावयाचा असतो. अध्यापकाने उद्दिष्ट ठरविले नाही म्हणून शिक्षण निरुद्देश राहते असे नाही. ते मग मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका ठरवितात, आणि प्रश्नपत्रिकांनी ठरविलेले उद्दिष्ट कोणत्याही रोग्याच्या हिताचे असतेच अशी खातरजमा कोणी केलेली नाही.

या विचाराचा शास्त्रीय पाया अमेरिकेत घातला गेला. राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रमाविषयी लिहिलेल्या छोटेखानी ग्रंथात, काय साधावयाचे ते आधी निश्चित केल्यावाचून काय शिकवावयाचे याची चर्चा व्यर्थ आहे, असा आग्रह धरला. बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बौद्धिक उद्दिष्टांची स्मरणापासून मूल्यमापनापर्यंत चढती श्रेणी मांडली. आणि रॉबर्ट मेगर यांनी १९६२ च्या सुमारास उद्दिष्ट कसे लिहावे याचे एक पुस्तकच सिद्ध केले. यांपैकी ब्लूम यांची कीर्ती आपल्याकडे सर्वाधिक, आणि माझ्या मते तीच थोडी अनिष्टही ठरली आहे; कारण त्यांच्या श्रेणीवरून तयार केलेले क्रियापदांचे तक्ते आता विभागाविभागांतून भिंतीवर लागलेले असतात, आणि अध्यापक पाठाचे शीर्षक घेऊन त्यापुढे तक्त्यातील एखादे भारदस्त क्रियापद लावले की उद्दिष्ट झाले असे समजतात. मेगर यांची शिकवण त्या मानाने साधी व कठोर आहे. विद्यार्थी नेमके काय करील, कोणत्या परिस्थितीत करील आणि किती चांगले केले म्हणजे ते पुरेसे समजावयाचे, या तिन्ही गोष्टी वाक्यात आल्या पाहिजेत. आणि करावयाची ती गोष्ट दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांना दिसली पाहिजे. ‘आकलन होईल’ हे कोणाला दिसत नाही. विद्यार्थ्याने मान डोलावली म्हणजे आकलन झाले, असे फार तर धरून चालता येते.

तथापि मेगर यांचा नियम वाक्याचा सांगाडा देतो. वाक्यात काय भरावयाचे हे तो सांगत नाही. ते शोधण्यासाठी अध्यापकाने ग्रंथालयातून उठून वेशीपर्यंत जावे, असे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे आणि त्याच्याशी मी पूर्णतः सहमत आहे. मी ज्या परिसरात राहतो तेथूनच दाखला देतो. ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन आहेत, त्यामुळे परगावच्या पाहुण्याने रिक्षावाल्याला नुसते ‘मानपाडा’ म्हणून भागत नाही. एक मानपाडा ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. दुसरा डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याण-शीळ रस्त्याला लागून, मानपाडेश्वराच्या देवळाचा. पहिल्याच्या पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य आणि त्यातील आदिवासी पाडे, तर दुसऱ्याच्या शेजारी औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने. पहिल्या मानपाड्याच्या दवाखान्यात पावसाळ्यात सर्पदंशाचा रोगी येण्याची शक्यता गृहीत धरलीच पाहिजे. दुसऱ्या मानपाड्याने २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीतील आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीतील स्फोटाचा हादरा अनुभवला आहे, ज्यात कारखान्याच्या कुंपणाबाहेर, आपापल्या घरांत व दुकानांत असलेली माणसेही फुटलेल्या काचांनी जखमी झाली. एकाच जिल्ह्यातील, एकाच नावाच्या दोन वस्त्यांत दवाखान्याच्या दारी येणारा रोगी इतका भिन्न असेल, तर सर्वांसाठी छापलेल्या पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून उद्दिष्टे उतरवून काढणाऱ्या अध्यापकाने आपण कोणासाठी वैद्य घडवीत आहोत याचा विचार केलेला नाही, असेच म्हणावे लागते.

डोंबिवलीचा रोगी आधी घेऊ. कारखान्यातून कामगार येतो. पाइपाचा जोड सुटून कॉस्टिक सोड्याचा द्रव त्याच्या डोळ्यात उडालेला असतो. नेहमीच्या कागदावर या विषयाचे उद्दिष्ट असे असते : ‘विद्यार्थ्यास नेत्राच्या रासायनिक इजांचे प्रकार, विकृती व उपचार यांचे ज्ञान होईल.’ हे उद्दिष्ट पूर्ण झालेला विद्यार्थी आम्लापेक्षा अल्कली डोळ्यात अधिक खोल का शिरते हे अस्खलित सांगेल, आणि समोर कामगार उभा असताना आधी केसपेपर काढावयास लावील. प्रस्तुत पुस्तकाच्या पद्धतीने लिहिलेले उद्दिष्ट निराळे होते : ‘अपघात विभागात रसायनाने डोळा भाजलेला रुग्ण आल्यास विद्यार्थी नाव-गाव व दृष्टीची तपासणी मागे ठेवून तत्क्षणी सलाइनने, ते नसल्यास नळाच्या पाण्याने, पापण्या उलट्या करून डोळा किमान अर्धा तास धुईल, धुणे थांबवून पाच मिनिटांनी खालच्या पापणीच्या खोबणीत लिटमस कागद टेकवील, आणि अल्कलीचा अंश उरला असल्यास पुन्हा धुईल.’ वाक्य लांबले हे मान्य. पण यात अध्यापकाला काय शिकवावयाचे, नर्सला काय मांडून ठेवावयाचे आणि परीक्षकाला काय पाहावयाचे, हे सारे आले. विशेष म्हणजे अल्कलीचे विकृतिशास्त्र यातून निसटलेले नाही. अर्धा तासच का, पाच मिनिटे का थांबावयाचे, पापणी उलटी का करावयाची, हे विद्यार्थी आपणहून विचारतो. आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जसे टिकते तसे न विचारलेल्याचे टिकत नाही.

दुसरा दाखला येऊरच्या बाजूचा. सर्पविषाचे घटक, नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांची ओळख आणि हाफकिनसारख्या संस्थांतून तयार होणाऱ्या प्रतिविषाची घडण यांवर आमच्या पिढीने पानेच्या पाने लिहिली. परंतु घोणस किंवा फुरसे चावल्याने रक्त गोठण्याची क्रिया बिघडली आहे की नाही, हे कोणत्याही यंत्राशिवाय ओळखण्याची एक परीक्षा आहे : दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यावे, नळी वीस मिनिटे न हलविता उभी ठेवावी, आणि मग एकदाच तिरपी करावी. रक्त वाहिले तर विष रक्तात भिनले आहे आणि प्रतिविष द्यावयास हवे. यात चुकण्यासारखे फारसे नाही असे वाटते. तरी प्लास्टिकची नळी घेतली, साबणाचा अंश राहिलेली नळी घेतली, किंवा उत्सुकतेने पाचव्या मिनिटाला हलवून पाहिली, तर निष्कर्षावर विसंबता येत नाही. म्हणून उद्दिष्टात ‘वीस मिनिटांची रक्तगोठण परीक्षा जाणतो’ असे लिहिणे आणि ‘काचेची कोरडी नळी निवडून, वेळ लिहून ठेवून, नळी न हलविता परीक्षा करतो व निष्कर्ष केसपेपरवर नोंदवितो’ असे लिहिणे यांत जी तफावत आहे, ती सर्पदंशाच्या रोग्याच्या दृष्टीने केवळ शैलीची तफावत नाही.

महाराष्ट्रात उद्दिष्टलेखनाचा सर्वोत्तम नमुना कोणत्या महाविद्यालयात पाहावयास मिळेल, असे मला कोणी विचारले तर मी महाविद्यालयाचे नाव घेणार नाही, गडचिरोलीचे घेईन. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास तेथे ‘सर्च’ या संस्थेच्या द्वारा कामास आरंभ केला तेव्हा लहान मुलांचा न्यूमोनिया गावातच कोणी ओळखावा हा प्रश्न होता, आणि गावात उपलब्ध असलेल्या दायांना अक्षरओळख नव्हती. महाविद्यालयीन शिरस्त्याप्रमाणे न्यूमोनियाची कारणे, प्रकार, छातीतील आवाज आणि क्ष-किरणातील छाया, असा पाठ आखला असता तर काम पहिल्याच दिवशी थांबले असते. तेथे विचार उलट दिशेने झाला. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक आणि त्याहून मोठ्या, वर्षाच्या आतील बाळाचे पन्नास किंवा अधिक असतील तर ते धोक्याचे लक्षण मानावे, एवढे शास्त्र ठरलेले होते. तेव्हा बाळाच्या पोटाकडे पाहून श्वास मोजणे हेच दाईचे उद्दिष्ट झाले. साठापर्यंतची गणती तिच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून उद्दिष्ट न बदलता साधन बदलले : मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असलेले एक उपकरण घडविले गेले, दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर बाळ आजारी समजून औषध सुरू करावयाचे. पुढे याच पद्धतीने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून नवजात बाळाची घरच्या घरी शुश्रूषा करण्यास शिकविले गेले, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रसंगी इंजेक्शन देण्यापर्यंत. आणि प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही गृहभेटींची रीत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. या प्रयोगाचे वैद्यकीय महत्त्व सर्वश्रुत आहे. त्याचे शैक्षणिक महत्त्व मात्र आमच्या अध्यापकांनी पुरते ओळखलेले दिसत नाही. शिकणाऱ्याच्या पाठांतराआड लपण्याची सोय तेथे शिकविणाऱ्याला नव्हती, म्हणूनच तेथील उद्दिष्टे इतकी स्वच्छ उतरली. ज्याला पुस्तक वाचता येते त्याच्यासाठी उद्दिष्ट लिहिताना आपण आळस करतो, कारण राहिलेले तो वाचून घेईल असा आपला भरवसा असतो.

उद्दिष्टाचे मूळ विद्यार्थ्यात नसून रोग्यात असते, हा विचार आमच्या या भागाला नवा वाटण्याचे कारण नाही. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. अवघ्या चौदाव्या वर्षी झालेले मूल योग्य वैद्यकीय उपचारांअभावी दहा दिवसांत गेले, आणि स्त्रियांना स्त्री-वैद्य मिळावी हे त्यांनी आपल्या शिक्षणाचे प्रयोजन मानले. १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर (सेरामपूर) येथील महाविद्यालयात भरलेल्या सभेत त्यांनी आपण अमेरिकेस का जात आहोत हे मुद्देसूद सांगितले, आणि १८८६ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. त्यांचा देहान्त पुढील वर्षीच झाल्यामुळे ते प्रयोजन त्यांच्या हातून सिद्धीस गेले नाही. तरीही, प्रवेश घेण्यापूर्वीच आपला रोगी कोण हे ज्यांना ठाऊक आहे, असे किती विद्यार्थी आज आपल्यापुढे बसतात?

सरकारी दस्तऐवजांनी या बाबतीत अगदीच उदासीनता दाखविली असे म्हणणे अन्यायाचे होईल. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या अहवालात रोगनिवारणाबरोबर रोगप्रतिबंध जाणणारा, समाजाभिमुख ‘मूलभूत वैद्य’ हे वैद्यकीय शिक्षणाचे साध्य म्हणून सांगितले होते. त्यानंतर सात दशकांनी, २०१८ मध्ये, भारतीय वैद्यक परिषदेने क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाचे तीन खंड प्रसिद्ध केले आणि २०१९ च्या तुकडीपासून तो लागू झाला. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या उतरंडीस अनुसरून त्यात प्रत्येक क्षमतेपुढे विद्यार्थ्याने ती नुसती जाणावयाची, कशी करावी हे जाणावयाचे, करून दाखवावयाची की स्वतंत्रपणे पार पाडावयाची, हे नोंदविलेले आहे. उपक्रम स्तुत्य आहे. अडचण इतकीच की खंड हाती पडताच विभागांनी त्यातील क्रमांकित वाक्ये जशीच्या तशी उचलून पाठाच्या कागदावर ठेवण्यास आरंभ केला, आणि जुन्या कागदाच्या जागी नवा कागद आला. क्षमता ही वर्षांच्या परिश्रमाची परिणती. पाठाचे उद्दिष्ट हे त्या वाटेवरील एका तासाचे पाऊल. ‘रक्तदाब मोजतो’ ही क्षमता एका तासात येत नाही. पण दंडाच्या मानाने योग्य रुंदीचा पट्टा निवडणे, रुग्णास पाच मिनिटे स्वस्थ बसविणे आणि हवा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरच्या गतीने सोडणे, ही तीन उद्दिष्टे एका तासात येतात, आणि येतात की नाही हे त्याच तासात पाहताही येते.

येथे एका आक्षेपाचा परामर्श घेणे आवश्यक आहे, कारण तो आदरणीय माणसांनी घेतलेला आहे. आमच्या थोर गुरूंनी कधी उद्दिष्टे लिहिली होती काय, असे ते विचारतात. रोग्याच्या उशाशी उभे राहून त्यांनी जे शिकविले ते कोणत्या क्रियापदात मावले असते? प्रश्न रास्त आहे. खाटेभोवती सहा-सात विद्यार्थी असत, गुरूची दृष्टी प्रत्येकाच्या बोटांवर असे, आणि यकृत चाचपताना कोणाचा हात फार वर पडतो हे त्यांस लिहून ठेवावे लागत नसे. दीडशे-दोनशेंच्या तुकडीला, वेगवेगळ्या अध्यापकांनी, वेगवेगळ्या वेळी शिकवावयाचे म्हटल्यावर ती दृष्टी कागदावर उतरविण्यावाचून गत्यंतर नाही. पण आक्षेपाचा उरलेला भाग मला मान्य आहे. सहृदयतेचे उद्दिष्ट लिहिता येते ते अर्धेच. नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांसाठी ‘ॲटकॉम’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे. त्यासाठी ‘कर्करोगाचे निदान सांगताना विद्यार्थी बसून बोलतो, रुग्णास काय ठाऊक आहे ते आधी विचारतो, आणि सांगून झाल्यावर थांबतो’ इतके लिहिता येईल व लिहावेही. त्या थांबण्यात काय असावे हे कोणत्याही तक्त्यात मिळणार नाही, आणि ते लिहिण्याचा अट्टहास करणारे कागद हास्यास्पद होतात. प्रस्तुत पुस्तकाच्या कर्त्यांनी ही मर्यादा स्वच्छपणे मान्य केली आहे, याचे मला विशेष समाधान वाटले.

परीक्षेविषयी एकच सांगतो. उद्दिष्ट आणि परीक्षा यांची रुजवात घातली नाही तर विद्यार्थी परीक्षेचे ऐकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. ‘डोळा धुईल’ असे उद्दिष्ट लिहून ‘नेत्राच्या रासायनिक इजांवर टीप लिहा’ असा प्रश्न काढणाऱ्या अध्यापकाने आपला हुकूम आपणच रद्द केलेला असतो. डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये मांडलेली, ठिकठिकाणच्या टेबलांवर कौशल्य करून दाखविण्याची परीक्षापद्धती आता आपल्या महाविद्यालयांतही रुळली आहे. तिच्या तपासणी-यादीतील प्रत्येक ओळ पाठाच्या उद्दिष्टातून यावी, याहून अधिक काही मागणे नाही.

पुस्तकाच्या गुणदोषांची चर्चा प्रस्तावनेत करण्याचा प्रघात आहे. उदाहरणे शल्यशास्त्र व बालरोग यांतील अधिक आणि मनोविकारांतील अगदी थोडी आहेत. ज्या ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे तेथील वाचकास ही उणीव जाणवेल. भाषा काही ठिकाणी अकारण तांत्रिक झाली आहे. परंतु अशुद्ध उद्दिष्ट आणि त्याची शुद्ध आवृत्ती शेजारी-शेजारी ठेवून दाखविण्याची जी पद्धत कर्त्यांनी स्वीकारली आहे, ती नवख्या अध्यापकास निश्चित उपकारक होईल. आणि ही सारी चर्चा मराठीत केली आहे याचाही एक लाभ आहे. व्याख्यान इंग्रजीत होईल, प्रश्नपत्रिका इंग्रजीत निघेल. पण पोटात कसे दुखते हे कल्याणच्या बाजारातली भाजीवाली मराठीतच सांगणार, आणि तिचे ऐकणे हेही कोणत्या तरी पाठाचे उद्दिष्ट असले पाहिजे.

अध्यापक-वाचकांस माझी विनंती आहे की हे पुस्तक वाचून कपाटात ठेवण्याआधी आपल्या येत्या तासाचे एकच उद्दिष्ट त्यांनी या रीतीने लिहावे, आणि विभागप्रमुखांकडे नेण्यापूर्वी ते वॉर्डातील सिस्टरना वाचून दाखवावे. विद्यार्थी नेमके काय करणार आहे हे त्यांना त्यावरून सांगता आले, तर ते फलकावर लावावे. सांगता आले नाही, तर पुन्हा लिहावे.